पेठेतल्या खोलीत गिटार रेकॉर्ड करायचीय? अ‍ॅम्प असा निवडा

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा दाखवू?" स्टेजवर वाजवणाऱ्यासाठी हा प्रश्न बरोबर आहे. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने मात्र वेगळा प्रश्न विचारावा: या अ‍ॅम्पमधला आवाज कॉम्प्युटरपर्यंत कोणत्या वाटेने जाणार? याचं उत्तर पक्कं असेल तर छोटा, स्वस्त अ‍ॅम्पही नीट रेकॉर्ड होतो. ते नसेल तर महागडा अ‍ॅम्प खोलीच्या कोपऱ्यात धूळ खात बसतो आणि रेकॉर्डिंग मोबाईलच्या माईकवरच चालू राहतं.

पुढचं सगळं इलेक्ट्रिक गिटारसाठी आहे. इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार (दुकानात बहुधा सेमी-अकूस्टिक म्हणतात), म्हणजे लाकडी गिटारला आतून पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, बसवलेली, इलेक्ट्रिकच्या अ‍ॅम्पवर कोंदट आणि नाकात बोलल्यासारखी वाजते. ती थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे गिटार-माईकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या डबीत, लावा किंवा तिच्यासमोर माईक ठेवा. तिच्यासाठी या लेखातला कोणताही अ‍ॅम्प घेऊ नका.

आधी खोली आणि शेजार

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, कुठेही घ्या, घराला घर चिकटलेलं आहे आणि भिंत दोघांत एक. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आता दुसरा आकडा बघा. १२ इंची चांगल्या गिटार स्पीकरला फक्त १ वॅट दिला तरी १ मीटरवर साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज होतो. म्हणजे एका वॅटमध्येच शेजारच्या आजींची झोप मोडते.

वॅट आणि आवाज यांचं नातं सरळ नाही, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. त्यामुळे ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटच्या दहापट नाही, साधारण दुप्पट मोठा वाजतो. घरासाठी ५ ते २० वॅट भरपूर झाले. त्याहून मोठा घ्यायचा तर आवाज कमी करायची खरी सोय त्यात हवी. उदाहरणार्थ बॉस कटाना ५० मार्क टू बघा, त्यावर पॉवर अर्ध्या वॅटवर आणायची कळ आहे. नुसता मास्टर व्होल्यूम असलेल्या मोठ्या अ‍ॅम्पमध्ये नॉब शून्यावरून एकवर नेला की आवाज एकदम उसळतो. त्या चिमूटभर फिरण्यात टोन जुळवणं अशक्य होतं.

व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूबच्या अ‍ॅम्पबद्दल स्पष्ट सांगतो: पेठेतल्या घरासाठी १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प घेऊ नका. त्याचा गोडवा बराचसा व्होल्यूम चढवल्यावर, व्हॉल्व्ह आणि स्पीकर दोन्ही कामाला लागल्यावर येतो. तेवढा आवाज फक्त रिकाम्या शेतातल्या घरात झेपतो. ट्यूबचाच हट्ट असेल तर १ वॅटवाले बघा. ब्लॅकस्टार एचटी-१आर किंवा मार्शल डीएसएल१ कॉम्बो ही नावं लक्षात ठेवा. मार्शलचा तर १ वॅटवरून ०.१ वॅटवर आणता येतो. दोघांनाही स्पीकरचा परिणाम मिसळून देणारं रेकॉर्डिंगचं सॉकेट आहे.

अ‍ॅम्पच्या आधी अर्थिंग

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण तो गाळू नका. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते तेव्हा शिव्या अ‍ॅम्पला बसतात आणि दोष बहुतेक वेळा बोर्डात असतो. जुन्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण त्याच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते.

वायरमनला बोलावून मल्टिमीटर लावून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग कमकुवत आहे किंवा न्यूट्रल सैल आहे. फेज-अर्थ रीडिंग शंभरच्या आत-बाहेर डोलत असेल तर अर्थ जोडलेलाच नाही, असं धरून चाला. अशा ठिकाणी गिटारच्या तारांना हात लावल्यावर मुंग्या येतात. गिटारच्या तारा केबलमार्गे अ‍ॅम्पच्या चॅसिसशी, म्हणजे धातूच्या सांगाड्याशी, जोडलेल्या असतात, म्हणून हा प्रकार फक्त आवाजापुरता राहत नाही. एका हातात गिटार आणि ओठांपाशी दुसऱ्या बोर्डावरच्या मिक्सरचा माईक, अशी वेळ आली तर धक्का जिवावर बेतू शकतो. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत गिटार अ‍ॅम्पला लावू नका.

घरघर थांबावी म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन कापणारे किंवा दोन पिनचा जोड लावणारे लोक भेटतात. आवाज थांबतोही. पण अ‍ॅम्पमध्ये आतून वीज चॅसिसवर आली तर ती बाहेर पडायची वाट फक्त तुमच्या शरीरातून उरते. हे कधीही करू नका.

अमेरिकेतून कुणी अ‍ॅम्प आणून देणार असेल तर मागची पट्टी वाचून घ्या. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो लावल्याक्षणी जळेल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च अ‍ॅम्पच्या किमतीत धरूनच सौदा करा.

आवाज बाहेर काढायच्या वाटा

पहिली वाट स्पीकरसमोर माईक. सर्वांत नैसर्गिक आवाज याच वाटेने येतो. पण माईक, स्टँड, एक्सएलआर (माईकची तीन पिनची) केबल आणि इंटरफेस एवढं लागतं, शिवाय खोली शांत हवी. गणपतीत रस्त्यावर डॉल्बी सुरू झाली, पावसात पत्र्यावर सर कोसळली, की त्या दिवसाचं काम संपलं.

दुसरी वाट लाईन आऊट किंवा हेडफोन आऊट. इथे एक गोष्ट समजून घेतली तर पैसे वाचतील. गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचे सूर झपाट्याने गाळून टाकतो. डिस्टॉर्शनमधली, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजातली, कर्कश धार त्यामुळेच बोथट होते आणि कानाला गोड लागते. अ‍ॅम्पच्या आतला कच्चा सिग्नल सरळ कॉम्प्युटरमध्ये घेतला की ही गाळणी नाहीशी होते आणि डब्यात गांधीलमाशी अडकल्यासारखा आवाज येतो. म्हणून हेडफोन आऊटला स्पीकरची नक्कल करणारं सर्किट आहे का, हे आधी विचारा. माहितीपत्रकात त्याला कॅब सिम्युलेशन, स्पीकर इम्युलेशन किंवा इम्युलेटेड आऊट म्हणतात. ऑरेंज क्रश २० च्या हेडफोन आऊटला हे सर्किट आहे. ज्या अ‍ॅम्पला नाही, त्याचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या स्पीकर-कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा असलेली छोटी फाईल, लावून सुधारता येतो. अशा फाईली फुकटही मिळतात.

या वाटेवर नव्या माणसाची फसगत हमखास एका ठिकाणी होते. हेडफोन आऊट स्टिरिओ असतो. तिथून साधी स्टिरिओ केबल घेऊन इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली की इंटरफेस डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा करतो. दोन्ही बाजूंना सारखाच आवाज असल्याने तो जवळजवळ नाहीसा होतो, उरतो तो फक्त रिव्हर्बचा, म्हणजे घुमण्याचा, भुताटकी शेपटा. लोकांना वाटतं सॉकेट खराब आहे. उपाय साधा आहे: एका स्टिरिओ जॅकमधून दोन मोनो जॅक निघणारी वाय केबल घ्या आणि त्यातला एकच मोनो जॅक लावा. इंटरफेसवरची कळ 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) वर ठेवू नका, 'लाईन' वर ठेवा, आणि अ‍ॅम्पचा व्होल्यूम शून्यावरून हळूहळू चढवा.

आणखी एक, आणि हे ठळक अक्षरात वाचा: 'स्पीकर आऊट' लिहिलेल्या सॉकेटमधून इंटरफेसला कधीही केबल नेऊ नका. तिथे अ‍ॅम्पची पूर्ण ताकद असते, इंटरफेस जळतो. ट्यूब अ‍ॅम्पचा स्पीकर काढून तो चालवला तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो.

तिसरी वाट यूएसबी. अ‍ॅम्पच इंटरफेसचं काम करतो, एक केबल लॅपटॉपला लावली की झालं. फेंडर मस्टँग एलटी२५, यामाहा टीएचआर१० टू, पॉझिटिव्ह ग्रिड स्पार्क ४०, ब्लॅकस्टार आयडी कोअर १०, वर सांगितलेला कटाना ५०, हे सगळे या रांगेतले. नवख्याला सगळ्यांत कमी त्रास यात होतो. मर्यादा एकच, पण मोठी आहे: गाणंही रेकॉर्ड करायचं असेल तर माईक कुठे लावणार? विंडोजवर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी सहसा एकच एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि इंटरफेसची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर, वापरतं. अ‍ॅम्प निवडला की इंटरफेस बंद आणि इंटरफेस निवडला की अ‍ॅम्प. मॅकवर दोन्ही जोडून एक एकत्रित डिव्हाइस करता येतं. गायचं आणि वाजवायचं दोन्ही एकाच वेळी असेल तर यूएसबीवर पैसे घालण्यापेक्षा दोन इनपुटचा इंटरफेस घ्या.

चौथी वाट म्हणजे अ‍ॅम्पच न घेणं. गिटार थेट इंटरफेसच्या 'इन्स्ट' इनपुटमध्ये लावायची आणि अ‍ॅम्पचा आवाज सॉफ्टवेअरकडून घ्यायचा. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे फुकट आणि मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर खऱ्या अ‍ॅम्पच्या फार जवळ जातं. गिटार रिग प्लेअरही फुकट आहे. मॅक असेल तर गॅरेजबँडमध्ये अ‍ॅम्प आधीच भरलेले आहेत. रात्री ११ ला टाकाळ्याच्या फ्लॅटमध्ये बसून काम करणाऱ्याला ही सर्वांत शहाणपणाची वाट आहे, आणि बजेट अगदीच आवळलेलं असेल तर आमचा पहिला सल्ला हाच.

'इन्स्ट' इनपुट का, तेही सांगतो. गिटारचा पिकअप नाजूक असतो, त्याला साधारण १० लाख ओहमचा इनपुट लागतो. लाईन इनपुट बहुतेक वेळा १० हजार ओहमच्या घरात असतो. तिथे गिटार लावली की वरचे सूर दबतात, रजईखालून वाजल्यासारखी ऐकू येते. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात गिटार लावल्यावर हेच होतं.

ट्रॉली स्पीकर चालेल का?

घरात काराओकेचा चाकांवरचा स्पीकर असतो, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. क्लीन कॉर्डसाठी सरावाला चालेल. पण त्यात वरच्या सुरांसाठी वेगळा छोटा स्पीकर असतो, त्यामुळे डिस्टॉर्शन पेडल लावलं की तोच गांधीलमाशीचा आवाज. रेकॉर्डिंगसाठी त्यातून काहीच हाती लागत नाही.

पैसे कसे वाटायचे

अ‍ॅम्पवर सगळे पैसे संपवून केबल उधारीची आणणं ही कायमची चूक आहे. भाव बदलत राहतात म्हणून दुकानातून आजचा विचारा, पण वाटणी अशी ठेवा.

पंधरा हजारांच्या आसपास असतील तर अ‍ॅम्प नको. एक साधा इंटरफेस, बंद कानाचे हेडफोन, ३ मीटरची चांगली केबल, बाकी फुकट सॉफ्टवेअर. बंद कानाचे म्हणजे कान पूर्ण झाकणारे. उघड्या पाठीचे असतील तर मेट्रोनोमची टिकटिक माईकमध्ये शिरते. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला अजिबात वापरू नका, वाजवल्यानंतर आवाज इतक्या उशिरा येतो की ताल सुटतो.

पंचवीस-तीस हजारांत दोन रस्ते आहेत. फक्त गिटार रेकॉर्ड करणाऱ्याने यूएसबीवाला मॉडेलिंग अ‍ॅम्प घ्यावा. मॉडेलिंग म्हणजे आत चिप असते आणि ती वेगवेगळ्या अ‍ॅम्पची नक्कल करते. गाणारा-वाजवणारा असेल त्याने इंटरफेस आणि छोटा सॉलिड स्टेट, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा, अ‍ॅम्प घ्यावा. व्हॉक्स पाथफाइंडर १०, ऑरेंज क्रश १२ किंवा २०, फेंडर फ्रंटमॅन १०जी अशा १०-२० वॅटच्या पेट्या त्यासाठी पुरतात. भावगीताच्या मागे स्वच्छ कॉर्ड, लावणीच्या ठेक्यावर चटकदार रिदम, ऑर्केस्ट्रातली क्लीन लीड, आपल्याकडे बहुतेकांना हेच वाजवायचं असतं. आणि क्लीन आवाजात साधा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प महागड्याच्या फार मागे राहत नाही. डिस्टॉर्शनमध्ये मात्र फरक लगेच कळतो. मेटल वाजवणाऱ्याने मॉडेलिंगकडेच वळावं.

स्पीकरच्या इंचांकडे माईकने रेकॉर्ड करणाऱ्यानेच बघावं. ६ इंचाचा स्पीकर खालचे सूर नीट देत नाही, ८ इंच बरा, १० किंवा १२ उत्तम. यूएसबी किंवा लाईन आऊटने रेकॉर्ड करणार असाल तर स्पीकर ३ इंचाचा असला तरी रेकॉर्डिंगला काही फरक पडत नाही. त्या इंचांसाठी जादा पैसे देऊ नका.

केबलबद्दल एवढंच: ३ मीटर पुरे. केबल जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स जास्त आणि पिकअपचे वरचे सूर तितके मरतात. १० मीटरची स्टेजची केबल खोलीत गुंडाळून ठेवण्यात दोन्हीकडून नुकसान आहे.

दुकानात तपासताना

कोल्हापुरात हव्या त्या मॉडेलचा नमुना ऐकायला मिळेलच असं नाही. ऑनलाईन मागवायच्या आधी पुण्याला कामासाठी जाणं होत असेल तर तिथे वाजवून बघा. जाताना स्वतःची गिटार, स्वतःची केबल, स्वतःचे हेडफोन आणि जमलं तर लॅपटॉप न्या. दुकानातल्या महागड्या गिटारवर कोणताही अ‍ॅम्प चांगला वाजतो.

सगळे टोनचे नॉब मध्यावर ठेवा, रिव्हर्ब बंद. गिटार न लावता गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) आणि व्होल्यूम तीन चतुर्थांशावर न्या आणि ऐका. बारीक सळसळ चालेल, जाड घरघर नको. मग घरी वाजवाल तेवढ्याच आवाजावर आणा आणि दहा मिनिटं तिथेच वाजवा. दुकानात जोरात ऐकलेला अ‍ॅम्प घरी हळू लावला की मरगळलेला वाटतो, कारण हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. सहावी जाड तार जोरात वाजवा, जाळी किंवा एखादा स्क्रू खडखडतोय का ते कळेल. शेवटी हेडफोन लावून तोच आवाज ऐका. स्पीकरमध्ये गोड आणि हेडफोनमध्ये कर्कश असेल तर तो अ‍ॅम्प रेकॉर्डिंगसाठी नाही.

वापरलेला घेताना प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर येत असेल तर ती कॉन्टॅक्ट क्लीनरने सहसा जाते, त्यावर सौदा मोडू नका, किंमत पाडा. इनपुट जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर टाका सुटलाय, दुरुस्ती सोपी. वीस मिनिटं चालू ठेवल्यावर करपल्याचा वास आला किंवा आवाज हळूहळू खाली गेला तर मात्र उठून या. मॉडेलिंग अ‍ॅम्प वापरलेला घेताना यूएसबी सॉकेट प्रत्यक्ष लॅपटॉपला लावून बघा. आतला बोर्ड गेला तर इथे कुणी सहज दुरुस्त करून देत नाही, त्यामुळे वॉरंटीचं बिल विक्रेत्याकडून मागून घ्या.

पहिलं रेकॉर्डिंग

१. कंपनीचा ड्रायव्हर आधी टाका, मग केबल लावा. विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर आवाज उशिरा देतो.

२. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उघडा. रीपर ६० दिवस पूर्ण सोयींसह वापरून बघता येतं. ऑडेसिटी साध्या रेकॉर्डिंगला ठीक, पण वाजवताना सॉफ्टवेअरच्या अ‍ॅम्पचा आवाज त्यात ऐकू येत नाही, म्हणून चौथ्या वाटेवाल्यांना ती निरुपयोगी.

३. २४ बिट आणि ४८ हजार हर्ट्झ निवडा. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढे पाठवतो तो तुकडा, १२८ ठेवा. ४८ हजारांवर १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. आत येताना, बाहेर जाताना आणि ड्रायव्हरचा वेळ धरून बहुधा एकूण १० मिलिसेकंदांच्या आसपास जातं. आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर चालतो, म्हणजे अ‍ॅम्पपासून साडेतीन मीटर लांब उभं राहून वाजवल्यासारखं. ते चालतं. आवाजात टकटक किंवा चिरफाड होत असेल तर लॅपटॉप दमतोय, बफर २५६ करा.

४. सगळ्यात जोरात जे वाजवणार आहात ते वाजवा आणि मीटरवरचं शिखर उणे १२ ते उणे १० डेसिबलमध्ये राहील असा गेन ठेवा. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. डिजिटलमध्ये फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. २४ बिटमध्ये थोडं हळू रेकॉर्ड झालं तरी काही बिघडत नाही.

५. डिस्टॉर्शन जितकं बरं वाटतं त्याहून थोडं कमी ठेवा. खोलीत एकट्याने ऐकताना जास्त गेन भारदस्त वाटतो, ड्रम आणि बेस आल्यावर त्याचा चिखल होतो.

६. रिदम रुंद हवा असेल तर तोच भाग दोनदा वेगवेगळा वाजवा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाका. एकच रेकॉर्डिंग कॉपी करून दोन्हीकडे ठेवल्याने रुंदी येत नाही. दोन्ही सारखेच असल्याने आवाज मधोमधच राहतो.

इंटरफेस असेल तर माईकबरोबर गिटारचा कोरा आवाजही वेगळ्या ट्रॅकवर घ्यायची सवय लावा. त्यासाठी गिटारची केबल आधी डीआय बॉक्समध्ये, म्हणजे गिटारचा सिग्नल इंटरफेसला जुळेल असा करून देणाऱ्या छोट्या डबीत, जाते. तिथून एक फाटा अ‍ॅम्पला, एक इंटरफेसला. महिन्याभराने टोन आवडेनासा झाला तर पुन्हा न वाजवता त्या कोऱ्या ट्रॅकवर दुसरा अ‍ॅम्प लावता येतो.

माईक लावायचा तर

डायनॅमिक माईक घ्या. शुअर एसएम५७ हा १९६५ पासूनचा माईक गिटार अ‍ॅम्पसमोर आजही सर्वत्र दिसतो. बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत, म्हणून बिलासह अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. त्याला फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसने माईकला पुरवलेली वीज, लागत नाही, ४८ व्होल्टची कळ बंद ठेवा.

अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा, जमिनीमुळे येणारा घुमा कमी होतो. मोबाईलच्या बॅटरीचा उजेड जाळीतून टाका, मधोमध गोल टोपी दिसेल. माईक जाळीपासून २-३ सेंटीमीटरवर, टोपीची कड जिथे कागदी कोनाला मिळते तिथे रोखून धरा. इथून सुरुवात. केंद्राकडे सरकवला की आवाज धारदार, कडेकडे नेला की मऊ. जवळ नेला की खालचे सूर फुगतात. एका सेंटीमीटरने होणारा फरक नॉब फिरवून होणाऱ्या फरकाहून मोठा असतो, म्हणून टोनला हात लावायच्या आधी माईक हलवा. कुणाला तरी माईक हलवायला सांगा आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत हेडफोनवर ऐका. जागा सापडली की जमिनीवर खडूने खूण करा.

खोलीच्या उघड्या स्लॅबचा आणि फरशीचा खणखणाट दबवायला अ‍ॅम्पच्या मागे आणि माईकच्या मागे गादी उभी करा, खाली सतरंजी घाला. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्यात वेळ घालवू नका, त्यांनी काही थांबत नाही. दोन माईक लावायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. दोघांचं अंतर चुकलं की एकमेकांचे सूर खाऊन आवाज पोकळ होतो.

घरघर शोधायची रीत

एका वेळी एकच गोष्ट बदला. गिटारची केबल अ‍ॅम्पमधून काढा. घरघर तशीच राहिली तर दोष अ‍ॅम्प, वीज किंवा लॅपटॉपच्या जोडणीत. थांबली तर गिटार किंवा केबलमध्ये.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. शांत झालं तर चार्जर दोषी. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर काम करा. अ‍ॅम्प आणि लॅपटॉप दोन वेगळ्या बोर्डांवर असतील तर दोन अर्थमधला फरक केबलमधून फिरतो आणि जाड 'हूं' असा ५० हर्ट्झचा सूर येतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर आणा. तरी राहिला तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स मध्ये लावा.

सिंगल कॉइल, म्हणजे तारेचं एकच वेटोळं असलेल्या, पिकअपची गिटार आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र पकडतेच. खुर्चीवर बसून हळूहळू गोल फिरा, एका दिशेला घरघर सर्वांत कमी होईल. त्या दिशेला तोंड करून वाजवा आणि लॅपटॉपपासून मीटरभर लांब बसा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असला की कर्कश गुर्र येते. पंखा पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद करा. जुन्या ट्यूबलाईटचा चोक, स्वस्त एलईडी, जवळचा मोबाईल चार्जर एकेक करून बंद करून बघा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर घाबरू नका, गिटारचं वायरिंग बरोबर असल्याचंच ते लक्षण आहे.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करायचं असेल तर तो साईन वेव्ह आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवाल्यावर अ‍ॅम्प भुंग्यासारखा गुणगुणतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. उद्यमनगरसारख्या भागात, जिथे शेजारी वेल्डिंग आणि लेथ चालतात, तिथे दिवसा वीज वरखाली होते. तिथल्यांनी चांगला स्टॅबिलायझर घ्यावा आणि रेकॉर्डिंग कारखाने बंद झाल्यावर, हेडफोनवर करावं.

पावसाळ्यातली काळजी

जून ते सप्टेंबर अ‍ॅम्प बाहेरच्या ओलसर भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, थेट फरशीवर नको. झाकायला सुती कापड घ्या. प्लास्टिकच्या आत दमट हवा कोंडते आणि जॅकवर हिरवट थर चढतो. आठवड्यातून दोनदा अर्धा तास अ‍ॅम्प चालू ठेवा, आतली ऊब ओल घालवते. केबलचे जॅक महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा. माईक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. पुड्यांमधले निळे दाणे गुलाबी झाले की त्या तव्यावर न टाकता, दाणे काढून मंद आचेच्या ओव्हनमध्ये पुन्हा निळे होईपर्यंत वाळवा. ढग गडगडायला लागले की अ‍ॅम्प, इंटरफेस आणि चार्जर तिघांचेही प्लग बोर्डातून बाहेर काढून ठेवा, नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.